हॉकआय म्हातारा होतो तेव्हा

पडद्यावरचा हॉकआय कायम तरुण असतो. जंगलातून धावतो, नेम चुकवत नाही आणि शेवटी हिरॉइनचा हात धरून डोंगरावर उभा राहतो. पुस्तकातला हॉकआय मात्र म्हातारा होतो, कोर्टात उभा राहतो आणि बेघर होतो. सिनेमाने गाळलेली ही गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी.

‘हॉकआय’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? बहुतेकांचं उत्तर एकच असणार, ‘अ‍ॅव्हेंजर्स’मधला धनुष्यबाणवाला जेरेमी रेनर. जुन्या इंग्रजी मालिका आवडणारे एखादे काका घरात असतील, तर ते ‘मॅश’मधल्या डॉक्टर हॉकआय पिअर्सचं नाव घेतील. अमेरिकेतल्या आयोवा राज्याचं टोपणनाव ‘हॉकआय स्टेट’ आहे आणि तिथल्या युनिव्हर्सिटीच्या टीम्सही ‘हॉकआयज्’ म्हणूनच खेळतात. पण हे नाव जगभर पोचवलं ते १८२६ मध्ये आलेल्या एका कादंबरीने. कादंबरीचं नाव ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’, लेखक जेम्स फेनिमोर कूपर. आणि त्यातला हॉकआय कोण? सैन्याला जंगलातून वाट काढून देणारा एक स्काउट. आपल्याकडचा अचूक शब्द वापरायचा तर वाटाड्या.

नावं अनेक, माणूस एक

त्याचं खरं नाव नॅटी बम्पो. पण या नावाने त्याला फार कमी लोक हाक मारतात. तरुणपणी तो ‘डिअरस्लेअर’, म्हणजे हरणं टिपणारा. मग ‘हॉकआय’. पुढे ‘पाथफाइंडर’. त्याच्या लांब नळीच्या रायफलमुळे फ्रेंच लोक त्याला ‘ला लाँग कॅराबिन’ म्हणतात. पायांवर हरणाच्या कातड्याचे पट्टे बांधतो म्हणून म्हातारपणी तो ‘लेदरस्टॉकिंग’ होतो. कूपरने त्याच्यावर एकूण पाच कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या सगळ्या मिळून ‘लेदरस्टॉकिंग टेल्स’ म्हणून ओळखल्या जातात.

नॅटी जन्माने गोरा, पण वाढलेला डेलावेअर या मूळ रहिवासी जमातीत. त्याचा जिवलग मित्र चिंगाचगुक हा मोहिकन जमातीचा. चिंगाचगुकचा मुलगा अंकस. हे तिघं जंगल वाचतात, अगदी आपण व्हॉट्सअ‍ॅप वाचतो तितक्या सहज. पाचोळा कुठे दबलाय, फांदी कोणत्या बाजूला मोडलीय, दगडावरचं शेवाळ कुठे घासलंय, यावरून कोण गेलं आणि किती वेळापूर्वी गेलं ते सांगतात.

‘हॉकआय’ हे नाव त्याला मिळालं कसं, हा सीन तर वाचायलाच हवा. तो ‘द डिअरस्लेअर’मध्ये आहे. तरुण नॅटीने तोवर फक्त हरणं मारलेली असतात. एका तळ्याकाठी शत्रूपक्षातला एक योद्धा त्याच्यावर बंदूक रोखतो आणि नॅटीच्या हातून पहिल्यांदा माणूस मारला जातो. नॅटी पळून जात नाही. त्या मरणाऱ्या माणसाजवळ बसतो, त्याला पाणी देतो. आणि तोच माणूस जाता जाता त्याला हॉकआय हे नवं नाव देतो. म्हणजे आज आपण सुपरहिरोच्या टी-शर्टवर जे नाव वाचतो, ते कादंबरीत मारणाऱ्याला मरणाऱ्याने दिलेलं आहे.

१७५७ म्हणजे फक्त प्लासी नाही

‘लास्ट ऑफ द मोहिकन्स’ घडते १७५७ मध्ये. हे साल ऐकलं की शाळेतला इतिहास आठवून तुम्ही लगेच ‘प्लासी’ म्हणाल. बरोबर आहे! त्या वर्षी जूनमध्ये बंगालात प्लासीची लढाई झाली. आणि ऑगस्टमध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जच्या काठी फ्रेंच सेनापती मॉन्टकामने इंग्रजांच्या फोर्ट विल्यम हेन्रीला वेढा घातला. इंग्रज आणि फ्रेंच यांचं हे भांडण तेव्हा अनेक खंडांत एकाच वेळी चालू होतं. दोन्ही ठिकाणी दोन बाहेरचे देश तिसऱ्याच कुणाच्या तरी जमिनीवरून लढत होते.

किल्ला पडला. शरणागतीच्या अटी ठरल्या. पण निघालेल्या इंग्रज तुकडीवर फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या योद्ध्यांनी हल्ला केला आणि बरेच लोक मारले गेले. ही खरी घटना कूपरने कादंबरीच्या मध्यभागी ठेवली. तिच्याभोवती त्याने कर्नल मन्रोच्या कोरा आणि अ‍ॅलिस या दोन मुली, त्यांना पळवून नेणारा मॅग्वा आणि त्यांचा माग काढणारा हॉकआय यांची गोष्ट रचली. मुलीला सोडवायला माग काढत जाण्याची कल्पनाही हवेतली नव्हती. डॅनियल बून या खऱ्याखुऱ्या वाटाड्याच्या मुलीचं १७७६ मध्ये असंच अपहरण झालं होतं आणि बूनने माग काढून तिला परत आणलं होतं.

पुस्तक प्रचंड गाजलं. युरोपात तर कूपरचं वेड लागलं होतं. संगीतकार शूबर्टने नोव्हेंबर १८२८ मध्ये मरणाच्या दारात असताना मित्राला चिठ्ठी लिहून कूपरची आणखी पुस्तकं मागवली होती. काही दिवसांतच तो गेला.

उलटा चाललेला माणूस

आता गंमत बघा. कूपरने या पाच कादंबऱ्या क्रमाने लिहिल्याच नाहीत. पहिली आली ‘द पायोनिअर्स’, १८२३ मध्ये. त्यात नॅटी सत्तरीच्या घरातला म्हातारा आहे. दुसरीत, म्हणजे ‘मोहिकन्स’मध्ये, तो ऐन उमेदीत. तिसरी ‘द प्रेअरी’, १८२७. त्यात तो ऐंशी ओलांडलेला, आणि शेवटी मरतोही. मग तेरा वर्षांची गॅप. १८४० मध्ये ‘द पाथफाइंडर’ येते आणि नॅटी पुन्हा जिवंत, पुन्हा तरुण. १८४१ च्या ‘द डिअरस्लेअर’मध्ये तर तो विशीतला पोरगा आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर फ्रँचायझी आधी संपवली आणि मग प्रीक्वेल काढले.

इंग्रज लेखक डी. एच. लॉरेन्सच्याही हे लक्षात आलं होतं. या गोष्टी म्हातारपणाकडून सोनेरी तारुण्याकडे उलट्या चालतात, असं त्याने १९२३ मध्ये लिहिलं. पण मुळात कूपरला पहिल्यांदा सुचला तो तरुण हिरो नव्हता. त्याला पहिल्यांदा दिसला तो गावाबाहेर झोपडीत राहणारा, दात पडलेला, तिरसट म्हातारा. का?

उत्तर कूपरच्या घरात आहे. त्याचे वडील विल्यम कूपर यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ओटसेगो तळ्याकाठी जमीन घेतली, ती वसाहतवाल्यांना विकली आणि स्वतःच्या नावाचं गाव वसवलं, कूपर्सटाउन. जेम्स वर्षभराचा असताना कुटुंब तिथे आलं. म्हणजे जंगल तुटताना आणि त्या जागी रस्ते, कोर्ट, चर्च उभं राहताना तो लहानाचा मोठा झाला. ‘पायोनिअर्स’मधला गावाचा मालक जज टेंपल हा बराचसा लेखकाच्या वडिलांवर बेतलेला मानला जातो. आणि त्या जजसमोर आरोपी म्हणून उभा आहे नॅटी बम्पो.

एका हरणाचा खटला

हा खटला काय आहे, ते नीट ऐका. जजने शिकारीचा कायदा आणलाय. ठरावीक महिन्यांत हरण मारायचं नाही. कायदा वाईट अजिबात नाही, आपण त्याला आज पर्यावरणपूरकच म्हणू. पण याच गावात वसंतात कबुतरांचे थवे येतात तेव्हा काय होतं? सगळं गाव बंदुका घेऊन बाहेर पडतं. एवढ्याने भागत नाही म्हणून थव्यावर छोटी तोफसुद्धा डागली जाते. जमिनीवर जखमी पाखरांचा खच पडतो. नॅटी तिथे येतो, जेवणापुरतं एकच पाखरू टिपतो, सगळ्यांना चार शब्द सुनावतो आणि निघून जातो. तेव्हा कुठलाच कायदा मध्ये येत नाही.

(ही पाखरं म्हणजे पॅसेंजर पिजन. त्यातलं शेवटचं, मार्था नावाचं, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. कूपरने तो सीन लिहिला त्यानंतर फक्त ९१ वर्षांनी.)

पुढे बंदीच्या काळात नॅटी तळ्यात पोहणारं एक हरण मारतो. लगेच झडतीचं वॉरंट निघतं. नॅटी झोपडीचं दार अडवून रायफल रोखतो, कारण आत त्याने कुणालातरी आसरा दिलाय आणि ते गुपित त्याला फोडायचं नाही. प्रकरण कोर्टात जातं. त्याआधी नुकताच नॅटीने पँथरच्या तावडीतून एका मुलीचा जीव वाचवलेला असतो. ती मुलगी म्हणजे जजचीच लेक एलिझाबेथ. तरीही जज शिक्षा सुनावतो. एक तास खोड्यात पाय अडकवून लोकांसमोर बसायचं, १०० डॉलर दंड आणि महिनाभर तुरुंग.

जज दुष्ट असता तर गोष्ट सोपी होती. पण तो चांगला माणूस आहे. त्याला नॅटी आवडतो, त्याला वाईटही वाटतं. फक्त त्याचं म्हणणं असं की कायदा सगळ्यांना सारखा. आणि नॅटीचं म्हणणं असं की तुमचा कायदा येण्याआधी चाळीस वर्षं मी इथे राहतोय, आणि जंगलाला ओरबाडलं मी नाही, तुम्ही. दोघांचंही पटतं ना? म्हणूनच हा सीन दोनशे वर्षांनंतरही शिळा झालेला नाही. नव्या नियमांचा पहिला फटका कुणाला बसतो? तोफ डागणाऱ्याला की एक पाखरू टिपणाऱ्याला? हा प्रश्न तुम्हाला लॉ किंवा सोशॉलॉजीच्या वर्गात कधी ना कधी भेटणारच आहे.

सरकारी माणसांनी झोपडीत पाय ठेवू नये म्हणून नॅटी स्वतःच्या हाताने ती पेटवून देतो. चिंगाचगुकची अवस्था तर याहून वाईट. एकेकाळचा योद्धा आता गावात ‘इंडियन जॉन’ म्हणून ओळखला जातो, टोपल्या विणून विकतो आणि दारूत बुडतो. डोंगरावरच्या वणव्यानंतर तो मरतो. आणि नॅटी कुत्री बरोबर घेऊन पश्चिमेकडे चालू लागतो. ज्याने वाट पाडली, त्याच्याच मागून येणारे त्याला पुढे पुढे ढकलत राहतात.

‘प्रेअरी’त तो मोकळ्या गवताळ प्रदेशात पोचलेला आहे. हात थरथरतात म्हणून शिकार सुटलीय, आता सापळे लावून पोट भरतो. तिथेही कुऱ्हाडी घेऊन लोक पोचतातच. शेवटी पॉनी जमातीच्या लोकांमध्ये, मावळत्या सूर्याकडे तोंड करून, कुणी हजेरी घेतल्यासारखा तो ताठ उभा राहतो आणि प्राण सोडतो. 

पडद्यावर काय उरलं?

आता सिनेमाकडे येऊ. मूकपटांच्या काळापासून हॉकआय पडद्यावर आहे. १९२० मध्ये ‘मोहिकन्स’वर अमेरिकेत गाजलेला मूकपट आला. त्याच वर्षी जर्मनीत ‘लेडरश्ट्रुम्फ’ आला आणि त्यात चिंगाचगुक कोण झाला असेल? बेला लुगोसी, म्हणजे पुढे जाऊन ड्रॅक्युला झालेला तोच! १९३६ मध्ये रँडॉल्फ स्कॉट हॉकआय झाला. आणि १९९२ मध्ये आला मायकल मानचा सिनेमा. डॅनियल डे-लुइस मोकळ्या केसांनी जंगलातून धावतोय आणि मागे ते चढत जाणारं व्हायोलिन. सिनेमा बघितला नसेल तरी ती धून तुम्ही ऐकली असण्याची शक्यता खूप आहे. ती मुळात डूगी मॅक्लीन या स्कॉटिश संगीतकाराच्या ‘द गेल’ची.

सिनेमा देखणा आहे, यात वादच नाही. पण त्याने काय बदललं ते बघा. पुस्तकातला हॉकआय कधीच लग्न करत नाही. ‘डिअरस्लेअर’मध्ये एक मुलगी त्याला स्वतःहून विचारते, तो नाही म्हणतो. ‘पाथफाइंडर’मध्ये तो प्रेमात पडतो, पण ती दुसऱ्याशी लग्न करते. ‘मोहिकन्स’मध्ये तर त्याची लव्ह स्टोरीच नाही. तिथे ओढ आहे ती अंकस आणि कोरा यांच्यात. कोराच्या आईकडचे पूर्वज वेस्ट इंडिजमधले गुलाम होते, हे कादंबरीत स्पष्ट सांगितलंय. म्हणजे १८२६ मध्ये एक मोहिकन तरुण आणि मिश्र वंशाची तरुणी! कूपरलाही ते पेललं नाही, त्याने दोघांनाही मारून टाकलं. सिनेमाने कोराचं ते मूळच पुसलं आणि तिची जोडी हॉकआयबरोबर लावली.

दुसरा बदल याहून सूक्ष्म आहे. सिनेमातल्या हॉकआयलाही अटक होते, राजद्रोहासाठी. पण अटक करणारा इंग्रज कर्नल असतो, परक्या राजाचा माणूस. त्याच्याविरुद्ध टाळ्या वाजवणं सोपं आहे. पुस्तकातल्या नॅटीला खोड्यात बसवणारे मात्र त्याच्याच देशाचे, स्वातंत्र्य मिळवलेले, लोकशाहीवाले लोक आहेत. तो सीन हॉलिवूडच्या या हिरोच्या वाट्याला आला नाही.

मॅनच्या सिनेमाची एक गोष्ट मात्र मनापासून मान्य करायला हवी, ती म्हणजे कास्टिंग. आधीच्या कितीतरी सिनेमांत गोरे नट चेहरा रंगवून ‘इंडियन’ व्हायचे. इथे चिंगाचगुक झाले रसेल मीन्स, ओग्लाला लकोटा जमातीचे, अमेरिकन इंडियन मूव्हमेंटचे नेते. १९७३ च्या वुंडेड नी इथल्या आंदोलनात ते आघाडीवर होते. मॅग्वा झाले चेरोकी जमातीचे वेस स्टुडी. पुस्तकात निव्वळ खलनायक असलेल्या मॅग्वाच्या रागामागे गमावलेलं घर आहे, हे ते नुसत्या डोळ्यांनी सांगतात. त्यांना २०१९ मध्ये मानद ऑस्कर मिळालं.

आणि एक वेगळा प्रयोगही झाला होता. १९६७ मध्ये पूर्व जर्मनीने ‘डिअरस्लेअर’वर सिनेमा काढला आणि त्याला चिंगाचगुकचंच नाव दिलं. तिथे मध्यभागी मूळ रहिवासी होता आणि गोरा नॅटी त्याचा साथीदार. त्यात शीतयुद्धाचं राजकारण होतंच. पण कॅमेरा थोडा सरकवला की हिरो बदलतो, हे तिथे दिसलं.

‘शेवटचा’ असं कोण म्हणतं?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. कादंबरीच्या नावातच ‘लास्ट’ आहे. अंकस मेला, आता मोहिकन संपले. वाचक हळहळतो, पुस्तक मिटतो. पण खरे मोहिकन तेव्हा कुठे होते माहितीये? ते जिवंत होते. मॅसॅच्युसेट्समधलं त्यांचं स्टॉकब्रिज गाव हातातून गेलं होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते अमेरिकेच्या बाजूने लढले होते, तरीही. तिथून ते न्यूयॉर्क राज्यात आले, म्हणजे कूपरच्याच राज्यात. आणि कूपर ‘शेवटचा मोहिकन’ लिहीत होता त्याच दशकात त्यांना तिथूनही उठवून विस्कॉन्सिनकडे पाठवलं जात होतं. 

कादंबरीनंतर चारच वर्षांनी, १८३० मध्ये, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी ‘इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट’वर सही केली. मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवण्याचा हा कायदा. एका कादंबरीमुळे कायदा झाला, असं कुणी म्हणणार नाही. पण ‘ही माणसं तशीही संपतच चाललीत’ असं सगळ्यांना वाटत असेल, तर त्यांना हलवताना कुणाला टोचणी लागत नाही. जे संपलेच आहेत, त्यांची जमीन कोण परत मागणार?

स्टॉकब्रिज-मन्सी मोहिकन आजही विस्कॉन्सिनमध्ये आहेत. कूपरने ज्यांचं नाव यांच्याशी मिसळून टाकलं ते कनेक्टिकटचे मोहिगनही आहेत, १९९४ मध्ये त्यांना अमेरिकन सरकारने अधिकृत मान्यता दिली. अंकस हे नावसुद्धा सतराव्या शतकातल्या एका खऱ्या मोहिगन प्रमुखाचं आहे. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध ‘शेवटच्या’ माणसाच्या मागे अख्खी जमात उभी आहे, निवडणुका घेतेय.

तेव्हा यापुढे ‘अमुक जमातीतला शेवटचा माणूस’ असं शीर्षक दिसलं, मग ते डॉक्युमेंटरीचं असो की रीलचं, एक सेकंद थांबा. शेवटचा, असं कोण म्हणतंय? आणि तसं मानल्याने सोय कुणाची होते?

कुठून सुरुवात कराल?

आधीच सांगून ठेवते, कूपर वाचायला सोपा नाही. वाक्यं लांबलचक, वर्णनं पानभर. मार्क ट्वेनने १८९५ मध्ये एका लेखात त्याची यथेच्छ धुलाई केली होती. कूपरच्या गोष्टीत शांतता हवी असली की कुणाचा तरी पाय नेमका वाळक्या काटकीवर पडतोच, वाहत्या ओढ्याचं पाणी वळवलं तरी तळाशी पावलांचे ठसे शाबूत सापडतात, अशी एकेक उदाहरणं घेऊन त्याने टोप्या उडवल्यात. तो लेख छोटा आहे आणि हसून हसून पुरेवाट होते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी १९९२ चा सिनेमा बघा, शक्य तितक्या मोठ्या स्क्रीनवर. मग ट्वेनचा लेख. आणि मग थेट ‘द पायोनिअर्स’ उघडा. कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे पाचही कादंबऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. पूर्ण वाचायचा धीर नसेल तर कबुतरांचं प्रकरण आणि खटल्याचं प्रकरण, एवढी दोन तरी वाचाच. डॅनियल डे-लुइसचा तो धावणारा हॉकआय डोळ्यांसमोर असताना खोड्यात बसलेला म्हातारा वाचलात, की दोघं एकच माणूस आहेत हे जास्त लागतं.